जोडफाइल व तिची स्थानिक प्रत

जोडफाइल : आराखडा, नकाशा किंवा छपाईचे पान करताना मुख्य फाइलमध्ये दाखवली जाणारी, पण तिच्या पोटात न साठवलेली दुसरी फाइल. कामकाजात हिला ‘लिंक’ म्हणतात. ऑटोकॅड वापरणारे ‘एक्सरेफ’ म्हणतात. मुख्य फाइलमध्ये जोडफाइलचा पत्ता, तिची जागा, माप आणि फिरवण्याचा कोन एवढेच नोंदलेले असते. मूळ फाइल दुसऱ्या संगणकावर, कार्यालयाच्या सर्व्हरवर किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात असेल, तर सॉफ्टवेअर तिची एक प्रत वापरणाऱ्याच्या संगणकावर आणून ठेवते. ही स्थानिक प्रत किंवा कॅश. पडद्यावर दिसणारे चित्र बहुतेक वेळा या प्रतीतून आलेले असते. म्हणून ‘मला तर दिसतंय’ एवढ्यावरून मूळ फाइल जागेवर आहे किंवा ताजी आहे असे धरता येत नाही. या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे.

पत्त्याचे प्रकार : गोंदिया–आमगाव मार्गावरच्या फुलचूरसारख्या शहरालगतच्या गावातल्या एका घराचे काम उदाहरणादाखल घेऊ. मोजणीवरून काढलेला गटाचा नकाशा एका फाइलमध्ये असतो, भूखंडांचा लेआउट दुसरीत, घराचा प्लॅन तिसरीत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे कॉलम चौथीत. लेआउटला गटाचा नकाशा जोडतात आणि प्लॅनला लेआउट. मोजणीत हद्द सरकली तर ती एकाच फाइलमध्ये सुधारायची; बाकीच्या फाइली पुढच्या वेळी उघडताना नवी हद्द आपोआप घेतात. जोडफाइलचा खरा फायदा हाच. फाइलचा आकार लहान राहणे हा त्यामानाने दुय्यम लाभ.

पत्ता तीन तऱ्हांनी नोंदता येतो. पूर्ण पथात ड्राइव्हच्या अक्षरापासून प्रत्येक फोल्डरचे नाव येते. सापेक्ष पथ मुख्य फाइल जिथे आहे तिथून मोजला जातो. तिसऱ्या तऱ्हेत नुसते नाव असते आणि सॉफ्टवेअर ठरावीक फोल्डरांमध्ये त्याचा शोध घेते. पूर्ण पथ सर्वांत ठिसूळ. विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नाव हा बऱ्याच पथांचा भाग असतो, त्यामुळे गोंदियातल्या संगणकावर जुळलेली लिंक नागपूरच्या संगणकावर तुटते. गूगल ड्राइव्हला एका संगणकावर ‘जी’ आणि दुसऱ्यावर वेगळे अक्षर मिळाले तरी तोच परिणाम. सापेक्ष पथ असेल तर अख्खे फोल्डर उचलून नेता येते. मात्र दोन्ही फाइली एकाच ड्राइव्हवर हव्यात. ऑटोकॅडने 2018 च्या आवृत्तीपासून सापेक्ष पथ हीच मूळ मांडणी ठेवली आहे. हा बदल खूप आधी व्हायला हवा होता, कारण ऑटोकॅड 1982 मध्ये आले आणि एक्सरेफची सोय 1990 च्या अकराव्या आवृत्तीत मिळाली.

प्रत कुठे राहते : प्रत्येक सॉफ्टवेअरची रीत निराळी. ऑटोकॅडमध्ये ‘एक्सलोडसीटीएल’ नावाची सेटिंग आहे. तिची किंमत 0 असेल तर जोडफाइल पूर्ण वाचली जाते. 1 असेल तर लागेल तेवढाच भाग वाचला जातो, पण मूळ फाइल अडकून राहते आणि त्या वेळात इतरांना ती बदलता येत नाही. 2 असेल तर आधी तात्पुरत्या फोल्डरात प्रत काढून ती वाचली जाते, आणि मूळ फाइल सहकाऱ्यांना मोकळी राहते. 2 ही मूळ मांडणी आहे. नेटवर्कवर चारजण मिळून काम करत असतील तर ती बदलण्याचे कारण सहसा नसते.

इनडिझाइनसारखी पानजुळणीची सॉफ्टवेअरे आणखी वेगळी. ती पानात चित्राची पडद्यापुरती, कमी रेझोल्यूशनची झलक ठेवतात आणि छपाईच्या वा पीडीएफच्या वेळी मूळ चित्र वाचतात. मूळ बदलले असेल तर लिंकच्या यादीत पिवळा त्रिकोण येतो. मूळ सापडले नाही तर लाल प्रश्नचिन्ह येते. ते दुर्लक्षून पीडीएफ काढली तर छापून येते ती झलक, आणि बॅनरवरचा चेहरा चौकोनाचौकोनांचा होतो. या रीतीला जुना वारसा आहे. पेजमेकर 1985 मध्ये बाजारात आणणाऱ्या ऑल्डस कंपनीनेच पुढे अशी पद्धत मांडली, की पानावर हलके चित्र ठेवायचे आणि छपाईच्या टप्प्यावर त्याजागी भारी मूळ चित्र बसवायचे. तेव्हाच्या संगणकांना मोठी चित्रे पेलत नव्हती.

मूळच इंटरनेटवर असेल तर प्रत आणखी खोल दडते. इमारतींची त्रिमितीय प्रतिमाने (मॉडेल) करणाऱ्या रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये क्लाउडवरच्या प्रतिमानांच्या प्रती वापरकर्त्याच्या लोकल ॲपडेटा फोल्डरात, रेव्हिटच्या आवृत्तीच्या नावाखाली, ‘कोलॅबरेशनकॅश’मध्ये साठतात. जोडलेली प्रतिमाने तिथल्याच ‘लिंक्डमॉडेल्स’ या उपफोल्डरात असतात. फाइलींना माणसाने दिलेली नावे नसतात, आकडे आणि अक्षरांची लांबलचक ओळखखूण असते. त्यामुळे एखादी प्रत कोणत्या इमारतीची, हे फोल्डर पाहून कळत नाही. वनड्राइव्हची रीत उलट आहे. 2017 पासून तिथे ‘मागणीनुसार फाइल’ ही सोय आहे: नाव, आकार, तारीख सगळे दिसते, पण डिस्कवर फाइलचा मजकूर नसतो. शेजारी ढगाचे चिन्ह असते. आराखड्याच्या सॉफ्टवेअरने ती फाइल मागितली की ती तेव्हा उतरते. नेट नसेल तर जोडफाइल ‘सापडली नाही’ असे दिसते, आणि फोल्डरमध्ये नाव समोर असल्यामुळे माणूस चक्रावतो. जिथे नेट किंवा वीज यांचा भरवसा नाही, तिथे चालू कामाच्या फोल्डरला ‘या संगणकावर कायम ठेवा’ ही खूण आधीच करून ठेवावी.

नागपूर मेट्रो : जोडफाइलींच्या वापराचे विदर्भातले मोठे उदाहरण नागपूर मेट्रोचे. 2014 च्या ऑगस्टमध्ये पायाभरणी झालेला, 2019 च्या मार्चमध्ये पहिली प्रवासी गाडी सुरू झालेला आणि सुमारे 38 किलोमीटरचा पहिला टप्पा 2022 च्या डिसेंबरमध्ये पुरा झालेला हा प्रकल्प ‘फाइव्ह-डी बिम’ पद्धतीने चालवला गेला. म्हणजे त्रिमितीय प्रतिमानाला वेळ आणि खर्च जोडलेले. हा प्रकल्प उभारणाऱ्या महामेट्रोने आराखडे आणि कागदपत्रे सांभाळण्यासाठी बेंटली कंपनीच्या प्रोजेक्टवाइज व ॲसेटवाइज या प्रणाली वापरल्या. इतक्या मोठ्या कामात एका स्थानकाचे वास्तुरेखन, सांगाडा, रूळ, विजेच्या तारा आणि सिग्नल निरनिराळ्या चमूंकडे असतात, आणि प्रत्येकाच्या फाइलला इतरांच्या फाइली जोडलेल्या असतात.

प्रोजेक्टवाइजमध्ये मूळ फाइल सर्व्हरवर असते. ती बदलायला घेताना ‘चेक आउट’ करावी लागते. मग सर्व्हरवर तिला कुलूप लागते आणि तिची प्रत संगणकावरच्या कार्यफोल्डरात उतरते. नुसती पाहायची असेल तर कुलपाशिवाय प्रत मिळते. मुख्य फाइल उघडली की तिला जोडलेल्या फाइलींच्या प्रतीही उतरतात. कार्यफोल्डरातल्या उपफोल्डरांना ‘डीएमएस’ आणि पुढे क्रमांक अशी नावे असतात; सर्व्हरवरची फोल्डररचना इथे दिसत नाही. काम झाले की ‘चेक इन’: बदल सर्व्हरवर जातो, कुलूप निघते. बदल नको असेल तर ‘फ्री’. या शिस्तीत मूळ कोणते आणि प्रत कोणती हा प्रश्न माणसाच्या आठवणीवर सोपवलेला नसतो, आणि माझ्या मते छोट्या कार्यालयांनी उचलण्याजोगी गोष्ट तीच आहे. त्यासाठी महागडी प्रणाली लागतेच असे नाही. ‘ही फाइल सध्या कोणाकडे आहे’ हे लिहिलेला एक सामायिक तक्ता दोन-तीन माणसांना पुरतो.

फॉन्टची जोड : मराठी मजकुराला आणखी एक जोडफाइल असते, ती म्हणजे फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम वापरून केलेल्या जुन्या पानांत अक्षरांचे संकेत युनिकोडचे नसतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर पान उघडले की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसते. फोटो हरवला तर निदान त्याची झलक दिसत राहते. फॉन्ट हरवला तर मजकूर वाचताच येत नाही, आणि घाईत दुसरा फॉन्ट लावला तर जोडाक्षरे फुटतात. म्हणून लग्नपत्रिका किंवा फ्लेक्सचे काम बाहेर छपाईला देताना कोरलड्रॉमध्ये मजकूर ‘कर्व्ह’ करून देण्याची पद्धत पडली. ती सुरक्षित आहे, पण त्यानंतर तो मजकूर सुधारता येत नाही. कर्व्ह न केलेली फाइल वेगळी जपावी लागते.

हस्तांतर आणि साफसफाई : काम दुसरीकडे पाठवताना ऑटोकॅडमधले ‘ई-ट्रान्समिट’ आणि इनडिझाइनमधले ‘पॅकेज’ हे आदेश मुख्य फाइल, जोडफाइली आणि जमतील ते फॉन्ट एका फोल्डरात गोळा करतात. एकच डीडब्ल्यूजी फाइल द्यायची असेल तर एक्सरेफ ‘बाइंड’ करतात. मग जोड संपते आणि मजकूर आत विरघळतो. बाइंड नेहमी प्रतीवर करावे.

डिस्क भरली की कॅश पुसण्याचा मोह होतो. सर्व्हरवर पूर्ण पोचलेल्या कामाची कॅश पुसली तर नुकसान नाही. पुढच्या वेळी ती पुन्हा उतरते आणि थोडा वेळ जातो. पण रेव्हिटमध्ये ‘सिंक’ न केलेला बदल फक्त कोलॅबरेशनकॅशमधल्या प्रतीत असतो, आणि प्रोजेक्टवाइजमध्ये चेक इन न केलेला बदल फक्त कार्यफोल्डरात. या दोन ठिकाणी आधी सिंक किंवा चेक इन करावे, सॉफ्टवेअर बंद करावे, कॅशचे फोल्डर न पुसता त्याचे नाव बदलावे आणि प्रकल्प उघडून सगळ्या लिंक नव्याने उतरल्याची खात्री झाल्यावरच जुने फोल्डर काढावे.