नवी जीवविद्या आणि विदर्भाची कपाशी



छापखान्यात खिळे जुळवावेत तसे जनुक जुळवून सजीवांत हवे ते गुण उतरविणाऱ्या विद्येस संश्लेषणात्मक जीवशास्त्र असे नाव मिळाले आहे. २०१० साली अमेरिकेतील क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने प्रयोगशाळेत रचलेली संपूर्ण जनुकसंहिता एका जंतूच्या पेशीत घातली आणि ती पेशी त्या संहितेच्या आज्ञेने वाढू लागली. या विद्येपासून औषधे, इंधने व नवी पिके यांची मोठी आशा केली जाते. परंतु तिला मोकळीक किती द्यावी व बंधन कोणते घालावे, हा प्रश्न सरकारांपुढे आहे. त्याचे उत्तर शोधण्यास सातासमुद्रांपलीकडे जाण्याचे कारण नाही. सक्करदऱ्यात राहणाऱ्या आपणांसही ज्या कपाशीचे कापड अंगावर असते, तिचाच गेल्या पाव शतकाचा इतिहास याविषयी पुष्कळ सांगतो.

मातीतील एका जंतूत बोंडअळीच्या आतड्यास घातक असे प्रथिन तयार होते. त्या जंतूचा जनुक कपाशीत घातला, की झाड स्वतःच अळीचा नाश करते. जालन्याच्या महिको कंपनीच्या अशा तीन संकरित बीटी वाणांस केंद्रीय समितीने मार्च २००२ मध्ये परवानगी दिली. यासंबंधीचे नियम १९८९ पासून होते. तरीही परवानगीपूर्वीच, २००१ साली, गुजरातेत विनापरवाना बीटी कपाशी शेतांत उभी असल्याचे उघडकीस आले. बियाणे पुढे धावले व कायदा मागे राहिला.

आरंभीचे फळ चांगले होते. बोंडअळीवरील फवारण्या घटल्या आणि थोड्याच वर्षांत विदर्भातील बहुतेक कपाशी बीटी झाली. मात्र परवानगीत एक अट होती. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावावयाच्या. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे मिळे. त्या ओळींतील पतंगांशी विषास सरावलेल्या विरळा पतंगांचा संयोग व्हावा व पुढील पिढी विषास बळी पडावी, हा त्यातील हेतू. पण चार एकर कोरडवाहू वावर असणाऱ्याने अळ्यांसाठी ओळी कोणत्या हिशेबाने सोडाव्यात? बहुतेकांनी त्या सोडल्या नाहीत आणि त्याची विचारपूसही झाली नाही. २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. परंतु २०१७ साली गुलाबी बोंडअळीने तेही जुमानले नाही. हंगाम लांबविणाऱ्या वाणांनीही तिला साह्यच केले.

दुसरा प्रश्न मालकीचा. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. शेतकऱ्यास घरचे बी राखता यावे, म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सिद्ध केलेले बिकानेरी नर्मा हे बीटी वाण २००९ साली बाजारात आले; त्यात परदेशी कंपनीच्या बीटी जनुकाचे अस्तित्व आढळले आणि ते मागे घेण्यात आले.

बीटी वांग्याच्या वेळी मात्र सरकारने जनतेस विचारले. जानेवारी व फेब्रुवारी २०१० मध्ये देशातील ज्या सात शहरांत जाहीर विचारविनिमय झाला, त्यांत नागपूर होते. फेब्रुवारीत त्या वांग्यास स्थगिती मिळाली. निर्णय बरा की वाईट याविषयी मतभेद आहेत. पण विचारण्याची ती रीत योग्य होती.

बाहेरचा जनुक न घालता केवळ पिकाच्या स्वतःच्या जनुकांत फेरफार केलेल्या काही वाणांस २०२२ साली जुन्या नियमांतून सूट मिळाली. २०२४ साली जैविक उत्पादनास उत्तेजन देणारे केंद्रीय धोरणही आले. उत्तेजन अवश्य द्यावे. परंतु परवानगीचा कागद म्हणजे कामाचा शेवट नव्हे. वाण शेतात गेल्यावर त्यावर वर्षानुवर्षे लक्ष कोणी ठेवावयाचे, ओळी सोडणाऱ्याची भरपाई कोणी करावयाची आणि बीज कोणाच्या मालकीचे राहावयाचे, याची उत्तरे परवानगीबरोबरच लिहून ठेवली पाहिजेत. कपाशीच्या वेळी ती लिहिली गेली नाहीत. त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली.