मूठभर धान्याचे गणित

एखादा सार्वजनिक उपक्रम बंद पडण्याच्या बेतात आला, की त्याचा लाभ घेणाऱ्यांपुढे दोन वाटा असतात. हळहळ व्यक्त करून दुसरीकडे जायचे, किंवा स्वतः हातभार लावून तो टिकवायचा. दुसऱ्या वाटेने काय साधते आणि काय साधत नाही, हे आपण दोन उदाहरणांवरून पाहू. एक अगदी अलीकडचे आहे, दुसरे आपल्या सातारा-सांगलीचे.

'फ्लिकर' हे छायाचित्रांच्या देवघेवीचे संकेतस्थळ २००४ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे सुरू झाले. हौशी छायाचित्रकार, पक्षिनिरीक्षक, वनस्पतींचे अभ्यासक अशांचा तेथे मोठा मेळा जमला. २०१३ मध्ये त्या वेळच्या मालकांनी, म्हणजे याहू कंपनीने, प्रत्येक सभासदाला एक टेराबाइट जागा फुकट देऊ केली. पण सभासदाला फुकट मिळालेल्या जागेचा खर्च नाहीसा होत नाही. चित्रे ज्या तबकड्यांवर साठवायची त्या विकत घ्याव्या लागतात, अहोरात्र वीज द्यावी लागते. २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीने फ्लिकर विकत घेतले आणि फुकट सभासदांना एक हजार चित्रांची मर्यादा घातली. काही लाख सभासदांनी वर्गणी भरली. तरीही तोटा भरून निघेना, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी सभासदांना पत्र लिहून आणखी वर्गणीदार हवेत, असे उघड आवाहन केले. त्यानंतरही फ्लिकर चालू राहिले.

यंत्र नवे असले तरी पेच जुना आहे. फ्लिकरच्या सात दशके आधी कृष्णाकाठच्या माणसांनी तो अनुभवला होता. त्यांचा ठेवा मात्र चित्रांचा नव्हता, मुलांच्या शिक्षणाचा होता.

भाऊराव पाटील यांनी सहकाऱ्यांसह १९१० मध्ये मिरजेजवळच्या दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. आजचा सांगली जिल्हा तेव्हा स्वतंत्र नव्हता. १९४९ मध्ये तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. संस्थेचा पसारा या सगळ्या मुलखात होता.

साताऱ्याच्या वसतिगृहाचे नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तेथे धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातले, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. या त्यागाचे मोल करता येत नाही. तथापि, एका घरातले सोने एकदाच मोडता येते, हेही त्यातून दिसते. संस्थेने मुष्टिफंडाची वाट धरली, तिचे महत्त्व येथे आहे. घरातल्या बाईने दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते वसतिगृहाला द्यायचे.

यामागचे गणित साधे आहे. समजा, एका मुठीत ५० ग्रॅम ज्वारी मावते. दोनशे उंबऱ्यांच्या गावातून रोज १० किलो ज्वारी जमते. एका मुलाला रोज अर्धा किलो धान्य लागते असे धरले, तर वीस मुले जेवतात. आता एखाद्या वर्षी दहा घरांना देणे जमले नाही, तर घट पाच टक्क्यांची. एकोणीस मुलांची सोय तरीही होते. हेच धान्य एकच दाता देत असता आणि त्याने हात आखडता घेतला असता, तर वीसही मुले उपाशी राहिली असती. आधार जितके अधिक आणि एकमेकांपासून जितके स्वतंत्र, तितकी सारे एकदम कोसळण्याची शक्यता कमी. मात्र साऱ्या गावावर एकदम दुष्काळ आला, तर ही स्वतंत्रता उरत नाही, हे विसरता कामा नये.

या व्यवस्थेची खरी परीक्षा १९४८ मध्ये झाली. बाळासाहेब खेर यांचे सरकार मुंबई राज्यात होते. भाऊरावांनी सरकारवर जाहीर टीका केली होती. मतभेद विकोपाला गेले आणि संस्थेचे अनुदान थांबले. शिक्षकांचे पगार आणि शेकडो मुलांचे शिक्षण टांगणीला लागले. खेड्यापाड्यांतून लोक धान्य आणि पैसा घेऊन पुढे आले. विद्यार्थ्यांना 'कमवा आणि शिका' या रीतीने श्रमाची सवय होतीच. पुढे गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयाला संस्थेने गाडगे महाराजांचे नाव दिले.

येथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. मुष्टिफंडातून जेवण भागते, पण शेकडो शिक्षकांचे पगार कायमचे भागत नाहीत. अनुदान परत मिळवावेच लागले. लोकांच्या मदतीने संस्थेला मिळाला तो वेळ. शाळांना कुलपे लागली असती, मुले गावोगाव पांगली असती, तर पुढे आलेल्या अनुदानाचा उपयोग कोणाला झाला असता? फ्लिकरच्या वर्गणीनेही असाच वेळ मिळवून दिला. तोटा एका फटक्यात संपला नाही, पण चित्रे जागेवर राहिली.

शाळेचे वाचनालय, गावचा पाणवठा, विज्ञान मंडळ यांनाही हे लागू पडते. अडचण आल्यावर वर्गणी मागायला निघणे आणि आधीपासून थोडे थोडे जमवण्याची सवय असणे, यांत मोठे अंतर आहे. सातारा-सांगलीच्या बायांना ती सवय १९४८ च्या आधीपासूनच होती. वर्गात हे सहज करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या एका मुठीतील ज्वारीचे वजन करावे, आपल्या गल्लीतील उंबरे मोजावेत आणि त्यातून किती मुलांचे जेवण होईल याचे गणित मांडावे.