मुलींना सायन्स कधीपासून?

आम्ही तुर्भ्याहून बोलतोय, नवी मुंबईतल्या तुर्भ्याहून. तुमच्यापैकी पुष्कळजणींना हे नाव भावाच्या नाहीतर दिराच्या पत्त्यावरून माहीत असेल. सातारा, सांगली, जुन्नरकडची कितीतरी माणसं इथल्या घाऊक मार्केटात माथाडीचं काम करतात. आमच्यातल्या काहीजणी मसाला मार्केटात मिरच्यांचे देठ मोडायला जातात, काही कांदा निवडायला, काही घरकामाला.

गेल्या जून महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्त्यांसाठी होती, पण बोलणं भलतीकडेच गेलं. आमच्यातल्या एकीची लेक दहावीला ८४ टक्के मिळवून पास झाली. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. वडील म्हणत होते, कॉमर्स घे, लवकर हाताशी येशील. आत्या म्हणाली, सायन्स पोरांचं, पोरींना झेपत नाही. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या आजी, जुन्या अकरावीच्या मॅट्रिक, मध्येच म्हणाल्या, "झेपत नाही कशावरून? आम्हाला कुणी घेऊन बघू दिलंय का? मुलगी म्हटली की लोअर गणित आणि गृहशास्त्र. मास्तरांनी परस्पर लिहून टाकलं होतं."

आजींचं हे बोलणं आमच्या डोक्यातून जाईना. मग मुलींना सायन्स कुणी दिलं, कुणी नाकारलं आणि कधी, हे आम्ही शोधायला लागलो. वाचनालयातून पुस्तकं आणली, शिकवणीच्या बाईंना विचारलं. सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

मुलींनी शिकावं की नाही, हे भांडण तुम्हाला माहीत आहे. सावित्रीबाईंवर शेण फेकलं गेलं ते त्याच भांडणात. पण त्याच्या मागोमाग दुसरं भांडण उभं राहिलं, ते म्हणजे मुलींनी शिकावं तर काय शिकावं. पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची मुलींची हायस्कूल शाळा निघाली, तेव्हा मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम कशाला, अशी टीका 'केसरी'तून झाली. म्हणजे शाळेला हरकत घेणारे होतेच, पण शाळा चालेल, विषय मात्र वेगळे हवेत, असं म्हणणारेही शहाणेसुरते लोक होते.

पुढे धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली. शिक्षण मातृभाषेतून, आणि घरसंसार, आरोग्य या विषयांना मानाची जागा. कर्व्यांचे उपकार आम्ही विसरत नाही. मातृभाषेचं तर त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, त्यावर पुढे येतोच. पण बाईचं शिक्षण तिच्या संसाराला धरून असावं हा विचार पुढे शाळाशाळांतून इतका मुरला, की आमच्या आजींना लोअर गणित मिळालं त्याचं मूळ तिथपर्यंत जातं, असं आम्हाला वाटतं.

आता एक गोष्ट कमला भागवत यांची. लेखिका दुर्गा भागवत यांची ही धाकटी बहीण, लग्नानंतर कमला सोहोनी. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी.ला रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या टाटा संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्ज बाईचा होता. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि गांधीजींच्या मार्गाने अडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, काम पटलं तरच पुढे, आणि तिच्यामुळे तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष त्यांचं विचलित होणार आणि अट हिला! आमच्या बैठकीत यावर बराच वेळ हसणं चाललं होतं.

वर्षभराने रामन यांची खात्री पटली आणि त्या संस्थेत बायकांना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी तिथे दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे इंग्लंडात केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच. डी. मिळवली. विज्ञानात पीएच. डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतात. परत येऊन त्यांनी नीरेवर संशोधन केलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरेचा उपयोग होतो, हे त्यातून पुढे आलं. डाळ, दूध, नीरा! तुमच्या-आमच्या चुलीजवळचंच सायन्स.

ही गोष्ट ऐकून आमच्यातली एकजण म्हणाली, "त्यांचे वडील कोण होते?" प्रश्न नेमका होता. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बंगळूरच्या संस्थेत शिकलेले. अडून बसायलासुद्धा मागे घर लागतं. ज्या पोरीचा बाप पोती उचलतो, ती कुठल्या दारात अडून बसणार? तिच्यासाठी नियमच बदलावा लागतो.

तो नियम कसा बदलला हे आम्हाला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं, आणि हे कुणी फारसं सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हंसाबेन मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हाच तिच्यापुढचा प्रश्न. या हंसाबेन म्हणजे ज्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द बदलून 'सर्व माणसं' करायला लावले, त्याच. समितीने सांगितलं की मुलगी म्हणून वेगळे विषय नकोत. नंतर १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, आजऱ्याकडच्या बहिरेवाडीचे. आयोगाने शिफारस केली की शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असावं, मुलगा असो की मुलगी.

महाराष्ट्रात हे आलं दहावीच्या नव्या पद्धतीबरोबर. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि त्या मुलांची बारावी १९७७ साली. सक्ती हा शब्द आपल्याला आवडत नाही, पण या सक्तीने मुलींना मोकळं केलं. 'तुला गणित कशाला' असं म्हणणाऱ्या मास्तरांच्या हातातला पर्यायच गेला. आजींची धाकटी बहीण नव्या पद्धतीत शिकली आणि बारावी सायन्स करून नर्स झाली. दोघी एकाच घरातल्या, एकाच शाळेतल्या. आजी हे सांगताना हसतात, पण पुन्हा पुन्हा सांगतात.

मधली काही वर्षं दहावीला सोप्या, 'सामान्य' गणिताचा पर्याय आला होता. नापास होऊन शाळा सुटण्यापेक्षा बरं, असा त्यामागचा विचार. पण सामान्य गणित घेतलं की अकरावी सायन्सची वाट बंद होते, हे घरी कुणाला ठाऊक होतं? आमच्या वस्तीतल्या दोघी मुलींना ते अकरावीच्या अर्जाच्या वेळी कळलं. आता तो पर्याय राहिलेला नाही.

म्हणजे आज दहावीपर्यंत वाट सारखी आहे. फाटा फुटतो तो अकरावीला, आणि तिथे मुलगी अडखळते ती बहुतेक वेळा भाषेवर. दहावीपर्यंत 'विद्युतधारा' आणि 'आम्ल' शिकलेली मुलगी जूनमध्ये वर्गात बसते, तर पुस्तक इंग्रजी, फळ्यावर इंग्रजी. पहिल्या चाचणीत मार्क घसरतात आणि घरी म्हणतात, बघ, झेपत नाही.

यावर काम झालंय, तेही आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वाशीची खाडी ओलांडली की मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ साली सुरू झालेलं. तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांत पाहणी केली, तेव्हा दिसलं की मुलं अडतात ती पुष्कळदा विज्ञानावर नव्हे, पुस्तकाच्या अवघड भाषेवर. तोच धडा सोप्या भाषेत लिहिला की त्याच मुलांना समजत होता. १९८० च्या सुमारास त्यांनी दलित वस्त्यांमधली, पालिका शाळांतली मुलं निवडून शिकवली, तर शालान्त परीक्षेत त्यांचे मार्क चांगलेच वर गेले. हे वाचल्यावर आम्ही त्या आत्याला मुद्दाम बोलावून ऐकवलं.

खाडीपलीकडे अणुऊर्जेचं जे ट्रॉम्बे आहे, त्याचंही मराठी नाव तुर्भेच. तिथे १९५६ साली देशातली पहिली अणुभट्टी 'अप्सरा' सुरू झाली. आणि आमच्या तुर्भ्याला लागून ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कंपन्या. दोन्ही बाजूंना सायन्सच सायन्स, आणि आमच्या वस्तीतल्या बाया त्या कंपन्यांमध्ये जातात त्या झाडू-पोछ्याला. प्रयोगशाळेतल्या मुली बाहेरून बसने येतात. त्यांच्याबद्दल आमच्या मनात काही वाकडं नाही, पण त्या बसकडे आमच्या पोरी रोज बघतात.

तर त्या मुलीचं काय झालं? वडिलांशी दोन रात्री बोलणं चाललं. शिकवणीच्या बाईंनी समजावलं की बायोलॉजी आणि गणित दोन्ही ठेवता येतात, आत्ताच डॉक्टर की इंजिनीअर हे ठरवायची गरज नाही. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीची लेखी ७० मार्कांची आणि ३० मार्क प्रात्यक्षिकाचे, म्हणून प्रयोगशाळा धड आहे का ते आधी बघा. मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे खरी, पण ती अनुदानित तुकडीत. विनाअनुदानित तुकडीत पैसे भरावे लागतात, हे आम्हाला अर्ज भरतानाच कळलं. दहा कॉलेजांचा पसंतीक्रम लिहिताना आम्ही चौघी मोबाइलभोवती बसलो होतो आणि अनुदानित तुकड्या वर घेतल्या.

तिला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं, लोकलने जावं लागतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी यायला उशीर होतो आणि वडिलांची शेवटची हरकत तीच होती. आता सोमवारी आणि गुरुवारी गटातली एकजण संध्याकाळी तुर्भे स्टेशनवर तिला घ्यायला जाते. पाळी लावलीय. या गुरुवारी आजींची आहे, त्या म्हणतात मीच जाणार.