निराधार स्त्रियांची कैवारी : पंडिता रमाबाई

मुलींच्या हाती पाटी देणेही समाजाला मान्य नव्हते, त्या काळात कोलकात्याच्या विद्वानांनी अवघ्या वीस वर्षांच्या एका मराठी तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या उपाधींनी गौरविले. ते वर्ष होते १८७८.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या रमाबाईंना दिली. दुष्काळात आई-वडिलांचे छत्र हरपले. पुढे १८८० मध्ये त्यांनी जातीची बंधने मोडून बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. त्या वेळी कन्या मनोरमा तान्ही होती.

त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. हंटर आयोगापुढील साक्षीत त्यांनी शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी संस्कृतचे अध्यापनही केले. अमेरिकेतून मिळालेल्या मदतीच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यात आले. येथील विद्यार्थिनी गोदूबाई यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

मात्र सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात, यावरून वाद पेटला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तर पालकांनी अनेक मुलींना घरी नेले. स्वखुशीने येणाऱ्या मुलींना अडविणे रमाबाईंना मान्य नव्हते.

पाठिंबा गमावला तरी काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना केडगावला आणले. तेथील 'मुक्ती'मध्ये विणकाम, शेती आणि छपाईचे शिक्षण मिळू लागले. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचे वर्ग निघाले.

१९२१ मध्ये मनोरमाचे निधन झाले. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंची प्राणज्योत मालवली. धर्मांतरामुळे सुधारकांच्या मालिकेत त्यांचे नाव दीर्घकाळ मागे पडले. १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. केडगावचे कार्य आजही सुरू आहे.