खिळे कुणाचे, छापखाना कुणाचा?

आज आम्ही मिरजोळ्यात बसून जयंतीचा फ्लेक्स मोबाइलवर तयार करतो आणि तासाभरात तो छापून हातात येतो. त्यामुळे छापणं हीच एकेकाळी केवढी मोठी लढाई होती, याचा विसर पडतो. हल्ली हातछपाईचं 'जुनी कला' म्हणून कौतुक होतं. शिशाचे खिळे, पायाने चालणारं ट्रेडल, कागदावर उमटलेला अक्षरांचा दाब. कौतुक जरूर व्हावं. पण आमचा पहिला प्रश्न वेगळा आहे: ते खिळे कुणाच्या मालकीचे होते?

मराठी छपाईच्या सुरुवातीलाच जात उभी होती. १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं. ते भंडारी समाजाचे. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवायला कचरत. तेव्हा गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई केली, असं सांगितलं जातं. म्हणजे विटाळ कागदावरच्या शाईपर्यंत पोचला होता!

शिवाय काम कष्टाचं आणि खर्चाचं. जुळारी एकेक खिळा उचलून उलटा मजकूर जुळवणार. काना, मात्रा, जोडाक्षरं यांमुळे मराठीला शेकडो खिळे लागायचे. छापून झालं की प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरात टाकायचा. स्वतःचा छापखाना नसेल त्याला प्रत्येक अंकासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागे.

आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या. सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीत राहिलेले गोपाळबाबा वलंगकर 'दीनबंधू'त लिहीत. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. लेखणी त्यांची होती, छापखाना नव्हता.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याने भरावे लागत. हे सोसल्यावर 'आपला छापखाना' ही हौस राहत नाही, गरज होते. मुंबईत भारत भूषण प्रिंटिंग प्रेस उभा राहिला तो या गरजेतून. पुढे तोच बुद्धभूषण म्हणून ओळखला गेला. 'जनता' १९३० साली निघाला आणि १९५६ साली त्याचं 'प्रबुद्ध भारत' झालं, तेव्हा समाजाजवळ स्वतःचे खिळे होते.

म्हणूनच २५ जून २०१६ रोजी रात्रीच्या अंधारात दादरचं आंबेडकर भवन आणि हा प्रेस जमीनदोस्त झाला, तेव्हा जुनं बांधकाम पडलं असं आपल्या माणसांना वाटलं नाही. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला.

कुणी म्हणेल, आता मोबाइल आहे, छापखाना कशाला? पण मोबाइलवरचं व्यासपीठ तरी आपलं आहे का? मालकाने एक बटण दाबलं की आपलं लेखन गायब. जाहिरात नाकारणारा बदलला, नाकारण्याचा अधिकार तसाच राहिला.

तेव्हा एवढं तरी करू या. घरातल्या ट्रंकेत जुने अंक, पत्रकं, जलशांची पुस्तकं असतील तर रद्दीत घालू नका. गावात, नात्यात कुणी खिळे जुळवले असतील तर त्यांच्याजवळ बसा, आठवणी लिहून घ्या. आणि जयंतीच्या वर्गणीतून एका फ्लेक्सचे पैसे वाचवून दरवर्षी एक छोटी पुस्तिका छापा. फ्लेक्स पावसात फाटतो, पुस्तिका नातवंडांच्या हाती जाते.

जय भीम!