समुद्राच्या पाण्यातलं इंधन: हिशेब टँकरचा आणि धडा एडनचा



मी राहतो बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये. इथे उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब लिटरमध्ये होत नाही, टँकरमध्ये होतो. २०२४ च्या टंचाईत ‘आज किती आले?’ असं कुणी विचारलं, तर ते टँकरबद्दलच असायचं. आमच्या गल्लीत येतो तो ६,००० लिटरचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजचा प्रश्न अनेकांनी विचारलेला आहे. अमेरिकेच्या नौदलाने समुद्राच्या पाण्यापासून इंधन बनवलं आणि त्यावर विमान उडवलं, हे खरं का? आणि खरं असेल, तर एवढा मोठा किनारा असलेला आपला देश तेल विकत का घेतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर समजायला मात्र आपल्याला १८३० सालच्या मुंबईत जावं लागेल.

त्या वर्षी २० मार्चला मुंबईहून ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट सुएझकडे निघाली. बोट मुंबईच्याच गोदीत बांधलेली. अडचण एकच होती. तिच्यात कोळसा मावायचा साधारण साडेपाच दिवसांचा, आणि वाटेतलं एडन बंदर होतं ११ दिवसांवर. मग काय केलं? मिळेल त्या जागेत, अगदी प्रवाशांच्या खोल्यांतही कोळसा भरला. बोट एडनला पोहोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता.

शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळायचा. आगबोट आली आणि जहाज वाऱ्याच्या लहरीतून सुटलं, पण कोळशाच्या ढिगाला बांधलं गेलं. तो ढीग जिथे ठेवायचा ते बंदर आपल्या ताब्यात हवं. म्हणून जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून पाठवलेल्या फौजेने एडन जिंकून घेतलं. त्यामागे इतरही कारणं होती, पण कोळशाचं ठाणं हे मोठं कारण. पुढची नव्वदहून अधिक वर्षं एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला.

मग तेल आलं. १९११ मध्ये चर्चिल ब्रिटिश नौदलाचे मंत्री झाले आणि त्यांनी नव्या युद्धनौका तेलावर चालवण्याचा निर्णय रेटला. तेलावर जहाज वेगाने पळतं, भरायला माणसं कमी लागतात. पण ब्रिटनमध्ये कोळसा मुबलक होता, तेल नव्हतं. म्हणून १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून अधिक हिस्सा विकत घेतला. म्हणजे इंधन बदललं की नकाशा बदलतो. प्रश्न मात्र तोच राहतो: भरायचं कुठे?

आता थेट २००० सालात येऊ. १२ ऑक्टोबरला अमेरिकेची ‘कोल’ ही विनाशिका तेल भरायला एका बंदरात थांबली होती. स्फोटकांनी भरलेली एक छोटी होडी तिला येऊन भिडली. १७ नौसैनिक मेले. बंदर कोणतं? तेच एडन. दूरवर मारा करणारं जहाज तेलाच्या पाइपला बांधलेलं असताना एका होडीपुढे हतबल झालं. पुढच्या संशोधनाचं कारण ही एकच घटना होती असं मी म्हणत नाही. पण नौदलाला ‘इंधन जागेवरच बनलं तर?’ हा प्रश्न का सतावतो, ते यातून कळतं.

आता प्रयोगाकडे वळू. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत हेदर विलॉवर आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. एप्रिल २०१४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की समुद्राच्या पाण्यापासून बनवलेल्या इंधनावर विमान उडालं. विमान म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या पी-५१ ची रिमोटवर उडणारी छोटी प्रतिकृती. पण तिचं इंजिन बाजारात मिळणारंच होतं, त्यात काही बदल केला नव्हता.

हे होतं कसं? समुद्राच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात. लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा हे प्रमाण सुमारे १४० पट आहे. विजेच्या साहाय्याने पाणी आम्लधर्मी केलं की तो वायू सुटतो. त्याच उपकरणात हायड्रोजनही मिळतो. दोन्ही वायू लोहाच्या उत्प्रेरकावरून नेले की कार्बनच्या साखळ्या तयार होतात, आणि त्या आणखी जोडल्या की विमानाच्या इंधनाजवळचा द्रव मिळतो. यात जादू नाही. कोळशापासून तेल बनवण्याची याच जातीची पद्धत फिशर आणि ट्रॉप्श यांनी जर्मनीत १९२५ च्या सुमारास काढली होती.

आता आपला टँकर आणा. एक लिटर विमान-इंधन जळलं की साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे बनवतानाही तेवढाच हवा. लिटरमागे १०० मिलिग्रॅम धरले, तर पाणी लागेल २५,००० लिटर, तेही कणभर वाया गेलं नाही असं धरून. म्हणजे चार टँकर रिकामे करा, तेव्हा हातात येईल एक बाटली.

विजेचा हिशेब याहून बोलका आहे. त्या लिटरला साधारण ३४० ग्रॅम हायड्रोजन लागतो. पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला ५० युनिटच्या वर वीज जाते. म्हणजे नुसत्या हायड्रोजनसाठी सुमारे १८ युनिट. आणि त्या लिटरभर इंधनात ऊर्जा किती? साडेनऊ युनिट. अठरा घाला आणि साडेनऊ मिळवा. पंप आणि बाकीची यंत्रं वेगळीच.

म्हणून समुद्राचं पाणी हे इंधन नव्हे, कच्चा माल आहे. खरं इंधन म्हणजे त्यामागची वीज. ‘पाण्यावर गाडी चालते’ असं कुणी सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच विचारा: वीज कुठून आणली?

नौदलाला हे ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात दिवसाला १ लाख गॅलन इंधनाचा विचार होता. आपल्या हिशेबाने त्याला फक्त हायड्रोजनसाठी पावणेतीनशे मेगावॉटहून जास्त वीज लागेल. तारापूरच्या १९६९ च्या दोन जुन्या अणुभट्ट्यांची क्षमता मिळून ३२० मेगावॉट आहे, यावरून अंदाज घ्या. आणि पाणी? मुंबईला रोज लागतं त्याच्या दुपटीहून जास्त.

मग हा उद्योग कशासाठी? कारण सैन्याचा हिशेब पेट्रोल पंपावरचा नसतो. तिथे प्रश्न ‘लिटर कितीला?’ एवढाच नसतो, ‘लिटर कुठे?’ हाही असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने कोळशापासून तेल बनवलं ते स्वस्त पडत होतं म्हणून नव्हे, पुरेशा विहिरी नव्हत्या म्हणून. मे १९४४ पासून दोस्तांच्या विमानांनी ते कारखाने फोडायला सुरुवात केली आणि जर्मन विमानं इंधनाअभावी जमिनीवर बसली. कारखाना एका जागी उभा होता, म्हणून तो सापडला. समुद्रात हलत राहणारा कारखाना हे नौदलाचं स्वप्न तिथून समजतं.

पण त्या कारखान्याला अणुशक्ती हवी. आपली विक्रांत २०२२ मध्ये नौदलात आली. ती गॅस टर्बाइनवर, म्हणजे तेलावरच चालते. तेल जाळून वीज, विजेतून इंधन, असं करायचं तर पाचेक लिटर जाळून एक लिटर मिळेल. त्यापेक्षा ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ ही आपली तेलवाहू जहाजं बरी. ती भर समुद्रात शेजारी चालत पाइपने तेल देतात.

म्हणून आपला मार्ग वेगळा असेल. आमच्या बंगळुरूतच, जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल बनवण्यावर काम झालं. तिथून निघालेली ‘ब्रीद’ ही कंपनी २०१८ मध्ये कार्बन एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचली. त्यांचा कच्चा माल म्हणजे वीजकेंद्राचा धूर. त्यात हा वायू दाट असतो, म्हणजे चार टँकरांची कटकट नाही. समुद्राचं पाणी शोभेल ते अंदमान-लक्षद्वीपसारख्या ठिकाणी, जिथे तेलाचा थेंबन् थेंब जहाजाने न्यावा लागतो. तेही तिथे ऊन-वाऱ्याची वीज गरजेपेक्षा जास्त झाली तरच.

२०१४ मध्ये संशोधकांना वाटलं होतं की ७ ते १० वर्षांत हे व्यापारी पातळीवर जमेल. ती मुदत उलटून गेली, आणि युद्धनौका अजूनही तेल भरूनच निघतात. प्रयोग खोटा नव्हता, हिशेब अवघड होता.

१८३० मध्ये ‘ह्यू लिंडसे’च्या खोल्यांत कोळसा भरणाऱ्या खलाशांना जो प्रश्न पडला होता, त्याचं उत्तर जगातल्या सर्वांत श्रीमंत नौदलालाही पूर्ण सापडलेलं नाही. तेव्हा यापुढे अशी बातमी आली, की ‘वीज कुठून?’ एवढं नक्की विचारा.