रोजचे एक पान

तालमूद हा ज्यू लोकांचा एक प्रचंड ग्रंथ आहे. कायदा, वादविवाद, गोष्टी, घरगुती औषधेसुद्धा, सगळे त्यात एकत्र आहे. पाने २,७११, आणि प्रत्येक पान दोन्ही अंगांनी भरलेले. १९२३ साली व्हिएन्नाच्या परिषदेत मेइर शापिरो या रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, सूचना मांडली की जगभरच्या ज्यूंनी रोज एकच ठरलेले पान वाचावे. माणूस परमुलखात गेला तरी तिथेही तेच पान उघडलेले सापडावे! आपल्या पारायणासारखेच म्हणा ना. फक्त हे पुरे व्हायला साडेसात वर्षे लागतात.

पण हा ग्रंथ मुकाट्याने वाचायचा नव्हे. दोघांनी समोरासमोर बसून, मोठ्याने वाद घालीत शिकायचे, ही जुनी रीत. तालमुदातच होनीची गोष्ट आहे. तो सत्तर वर्षे झोपला. जागा होऊन पाठशाळेत गेला, तर तिथे त्याच्याच विद्वत्तेची वाखाणणी चाललेली. पण हाच तो होनी, हे कोणी मानीना. वादाला सोबती उरला नाही, तेव्हा त्याने मरण मागितले. म्हातारपणाचे दुखणे नेमके हेच नाही का? गुडघे पाठशाळेची पायरी चढू देत नाहीत, आणि जोडीदार आधीच गेलेला असतो.

चौदावे पारायण ५ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले आणि दोन-अडीच महिन्यांत महामारीने पाठशाळांना कुलपे लागली. मग पडद्यावर वर्ग भरू लागले. नातवाने फोनवरून 'आजोबा, ते बटण दाबा' म्हणायचे आणि आजोबांनी भलतेच दाबायचे, असेही झाले असेल. पण ठरल्या वेळी कोणी आपली वाट पाहतो, आपले मत विचारतो, ही गोष्ट लहान नव्हे.

खरा पेच पुढेच होता. ८ एप्रिलच्या रात्री वल्हांडण सण आला. त्या रात्री धाकट्याने प्रश्न विचारायचे आणि वडीलधाऱ्यांनी मिसरमधून सुटकेची कथा सांगायची. एकट्या म्हाताऱ्याला विचारणार कोण? इस्रायलमधील चौदा रब्बींनी म्हटले, सण लागण्यापूर्वीच यंत्र सुरू करून ठेवावे. वृद्धांचे दुःख हलके होईल, जगण्याची उमेद राहील. मात्र सवलत या संकटापुरतीच. मुख्य रब्बींनी विरोध केला. सणाला व शब्बाथाला विजेचे यंत्र चालवू नये, हा सनातनी नियम. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांना 'शनवार तेली' म्हणत ते का, आठवा: शनिवारी त्यांचा घाणा बंद! मला दोन्ही बाजू समजतात. पण त्या रात्रीपुरते माझे मन चौदा जणांकडे झुकते.

हे पारायण जून २०२७ मध्ये पुरे व्हायचे आहे. लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पान. त्यावर आकडा मात्र दोनचा असतो; तालमुदाच्या कोणत्याही खंडात एक नंबरचे पानच नाही.